माती तपासून विषबाधा कळते का? विषशास्त्राचे जनक मातेओ ऑर्फिला यांची गोष्ट

फवारणी करून आलेला माणूस आजारी पडला की घरच्यांच्या मनात प्रश्न येतो: शेताची माती तपासली तर विष कळेल का? कळंब तालुक्यासारख्या कापसाच्या पट्ट्यात हा प्रश्न नवा नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका डॉक्टरांचे आयुष्य उपयोगी पडते.

मातेओ ऑर्फिला यांचा जन्म १७८७ मध्ये स्पेनच्या मिनोर्का बेटावर झाला. शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले आणि १८११ मध्ये डॉक्टर झाले. पुढे ते घरीच विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवू लागले. एकदा शिकवताना त्यांनी कॉफीत सोमल, म्हणजे पांढरे आर्सेनिक, मिसळले. चुन्याची निवळी घातली की पांढरा साका खाली बसेल असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. पण तसा साका आला नाही. साध्या पाण्यात विष दाखवणारी चाचणी कॉफीत फसली. अन्न, रक्त, माती अशा मिश्र पदार्थांत विष शोधायचे तर वेगळ्या पद्धती लागतात, हे त्यांनी ओळखले.

मग त्यांनी आयुष्य याच कामाला वाहिले. १८१४ च्या सुमारास त्यांचा विषांवरचा मोठा ग्रंथ आला. विष पोटातच राहत नाही, ते रक्तावाटे यकृतासारख्या अवयवांत पोहोचते, हे त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. विषबाधा झालेल्याला लगेच कोणती मदत द्यावी, यावर १८१८ मध्ये त्यांनी सामान्य लोकांसाठीही पुस्तक लिहिले. १८३१ मध्ये ते पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेचे प्रमुख झाले.

१८४० मध्ये फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या स्त्रीवर पतीला सोमल दिल्याचा खटला चालला. पुरलेला मृतदेह बाहेर काढून तपासला गेला. स्थानिक तज्ज्ञांना त्यात विष सापडले नाही, म्हणून ऑर्फिला यांना बोलावले. जेम्स मार्श यांची १८३६ ची नवी चाचणी वापरून त्यांनी शरीरात आर्सेनिक दाखवले. शिवाय शवपेटीभोवतीची माती आणि चाचणीची रसायनेही तपासली. काही दफनभूमींच्या मातीत मुळातच आर्सेनिक असते, हे त्यांना माहीत होते. शरीरातले विष मातीतून आलेले नाही, हे दाखवल्याशिवाय निष्कर्ष पक्का होत नव्हता.

निरोगी माणसाच्या हाडांतही थोडे आर्सेनिक असते, असे त्यांनी त्याआधी मांडले होते. पुढच्या तपासण्यांत ते टिकले नाही, तेव्हा त्यांनी ते मत सोडून दिले. १८४८ च्या क्रांतीनंतर त्यांचे प्रमुखपद गेले. १८५३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आज शेतातच हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने मातीतले शिसे, आर्सेनिक असे धातू काही मिनिटांत कळतात. काही कीटकनाशकांसाठी रंग बदलणारे किटही असतात. पण ही फक्त प्राथमिक चाळणी असते. संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. शेजारच्या, फवारणी न झालेल्या जागेची मातीही तुलनेसाठी घ्यावी लागते.

रुग्णाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवा. मातीत अंश सापडला म्हणजे तो शरीरात गेलाच असे नाही. आणि माती स्वच्छ निघाली म्हणून विषबाधा नाही असेही नाही, कारण ऑरगॅनोफॉस्फेट गटातली अनेक औषधे मातीत तुलनेने लवकर विघटित होतात. निदान रुग्णाच्या लक्षणांवरून आणि रक्तातील कोलिनेस्टरेजच्या तपासणीवरून होते.

म्हणून मातीच्या अहवालाची वाट पाहू नका. फवारणीनंतर खूप घाम, लाळ, उलट्या, अंधुक दिसणे किंवा श्वासाचा त्रास झाला तर कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा आणि लगेच रुग्णालय गाठा. स्वतः हातमोजे घाला. रुग्णाला मुद्दाम उलटी करायला लावू नका. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्या. कोणते विष आहे हे डॉक्टरांना त्यातूनच सर्वांत लवकर कळते.