पायातली गुठळी फुफ्फुसात कशी जाते? डॉ. फिर्खो यांनी दाखवलेली वाट

घरातले आजी-आजोबा पडले, मांडीचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, की सगळ्यांचे लक्ष हाडाकडे असते. तुमचे लक्ष त्यांच्या पोटऱ्यांकडेही हवे. ते का, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांच्या आयुष्यातून समजते.

फिर्खो यांचा जन्म १८२१ सालचा. १८४३ मध्ये ते डॉक्टर झाले आणि बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदन करू लागले. फुफ्फुसातली गुठळी तिथेच तयार होते, असा तेव्हा समज होता. फिर्खो यांना मात्र अशा रुग्णांच्या पायांच्या शिरांतही गुठळ्या आढळल्या. त्यांनी कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत रबराचे तुकडे सोडले. ते फुफ्फुसात जाऊन अडकले. म्हणजे शिरेतून सुटलेली गुठळी रक्ताबरोबर वाहत फुफ्फुसात पोचू शकते.

गुठळीची तीन कारणे आजही त्यांच्या नावाने शिकवली जातात: रक्त संथ वाहणे, रक्तवाहिनीला इजा होणे आणि रक्त लवकर गोठणे. हाड मोडून अंथरुणावर पडलेल्या वृद्धात ही तिन्ही एकत्र येऊ शकतात.

जानेवारी १९०२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, खुद्द फिर्खो धावत्या ट्राममधून उतरताना पडले. त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत. ५ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. गुठळी रोखणारी औषधे तेव्हा नव्हती. हेपॅरिनचा शोध १९१६ चा.

आज तुम्ही बरेच काही करू शकता. रक्त पातळ करणारे औषध लागेल का आणि किती दिवस, हे डॉक्टरांना आधीच विचारा. त्यांनी परवानगी दिली की रुग्णाला लवकर उठवा, चालवा. अंथरुणावर असताना पावले वरखाली हलवायला लावा.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लाल झाली, तर मालीश करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पायाच्या शिरांच्या डॉप्लर सोनोग्राफीत गुठळी दिसते. अचानक दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा चक्कर येऊन कोसळणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.