फॅनी क्रॉस्बी आणि तान्ह्या बाळाचे डोळे

भक्तिगीतांच्या रचनाकार फॅनी क्रॉस्बी यांचा जन्म २४ मार्च १८२० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. सहा आठवड्यांच्या असताना त्यांचे डोळे आले. नेहमीचे डॉक्टर गावी नव्हते. डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाने डोळ्यांवर मोहरीचे गरम पोटीस बांधले. दृष्टी गेली. पोटिसानेच घात केला असे घरच्यांनी मानले. दोष जन्मजात असावा, असे आजचे काही डॉक्टर म्हणतात.

वर्षाच्या आत वडील वारले. आई परक्या घरी कामाला जाई; आजीने पवित्र शास्त्राचे अध्यायच्या अध्याय पाठ करून घेतले. १८३५ साली त्या न्यूयॉर्कच्या अंधशाळेत गेल्या व पुढे तेथेच शिक्षिका झाल्या. त्यांनी आठ हजारांवर गीते रचली. त्या माणसाविषयी मनात कटुता ठेवली नाही. १९१५ साली त्या प्रभूकडे गेल्या.

त्यांची क्षमा आपण शिकावी. ती चूक मात्र आपल्या घरी होऊ देऊ नये. तान्ह्याच्या डोळ्यातून सतत पाणी येते तेव्हा बहुधा नाकात उतरणारी अश्रुनलिका उघडलेली नसते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी करावयाचे मालीश डॉक्टर शिकवतात. बहुतेक बाळांची नलिका वर्षाच्या आत मोकळी होते. न झाल्यास बारीक सळई घालून ती उघडतात. पण पापण्या सुजल्या, डोळा लाल झाला किंवा पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काजळ, मध, पोटीस काहीही लावू नये. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी तरुण मातांना हे आवर्जून सांगावे.