विश्लेषण : फुटबॉलच बंद करणारे विद्यापीठाध्यक्ष... रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ मध्ये असे का केले?

अमेरिकेतील ‘बिग टेन’ या विद्यापीठीय क्रीडा कॉन्फरन्समध्ये आज दहा नव्हे, १८ विद्यापीठे आहेत. २०२४ मध्ये यूसीएलए, सदर्न कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन ही पश्चिम किनाऱ्यावरील चार विद्यापीठे तिच्यात आली. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या विद्यार्थी खेळाडूंना कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी थेट न्यू जर्सी गाठावे लागते. ही सगळी पळापळ फुटबॉलच्या प्रक्षेपणातून मिळणाऱ्या पैशासाठी आहे. याच बिग टेनमधून एक संस्थापक विद्यापीठ १९४६ मध्ये स्वतःहून बाहेर पडले होते. त्याआधी सात वर्षे त्याने फुटबॉलच बंद केला होता. शिकागो विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांचा तो निर्णय अमेरिकेत आजही वादाचा विषय आहे.

कोण होते हचिन्स?

१७ जानेवारी १८९९ रोजी ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या हचिन्स यांचे वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक. ओहायोतील ओबर्लिन कॉलेजात ते शिकवत, मुलाचे पदवी शिक्षणही तिथेच सुरू झाले. पहिल्या महायुद्धात ते इटलीत रुग्णवाहिका पथकात होते. परतल्यावर येलमधून पदवी घेतली, मग तिथेच कायद्याची पदवी घेतली आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते येलच्याच विधि महाविद्यालयाचे कार्यवाहक अधिष्ठाता झाले. १९२९ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना अध्यक्षपदी बसवले तेव्हा ते अवघे तीस वर्षांचे होते. उंच, देखणे, बोलण्यात तिखट आणि समोरच्याचे मन राखण्याची फारशी फिकीर नसलेले, असे हे व्यक्तिमत्त्व होते.

त्यांना रस होता अभ्यासक्रमात. विद्यार्थ्याने वर्गात किती तास काढले यापेक्षा त्याला काय येते हे तपासावे, यासाठी १९३१ पासून शिकागोत हजेरीची सक्ती गेली आणि सर्वंकष परीक्षा आल्या. अभिजात ग्रंथांच्या वाचनाला त्यांनी शिक्षणाच्या मध्यभागी आणले. फुटबॉल हा त्यांच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न होता, पण शिकागोत तो दुय्यम ठेवणे कुणालाच शक्य नव्हते.

फुटबॉलवर उभे राहिलेले विद्यापीठ?

इथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकी खेळ. जॉन रॉकफेलर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाचे वर्ग १८९२ मध्ये सुरू झाले आणि संघही त्याच वर्षी मैदानात उतरला. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी ॲमॉस अलोन्झो स्टॅग यांना प्रशिक्षक म्हणून आणले ते प्राध्यापकाचा दर्जा देऊन. नव्या विद्यापीठाचे नाव गावोगावी पोहोचवण्याचा फुटबॉल हा सर्वात स्वस्त मार्ग आहे, हे हार्पर यांनी ओळखले होते. १८९५ मध्ये शिकागोच्याच एका हॉटेलात सात विद्यापीठांचे अध्यक्ष जमले आणि बिग टेनची पायाभरणी झाली. खेळाडू खरोखरच विद्यार्थी आहेत ना, हे पाहणारी व्यवस्था उभारणे हा त्या बैठकीचा हेतू होता. प्रक्षेपण हक्क विकणे हा उद्योग पुढे फार उशिरा आला. स्टॅग यांच्या ४१ हंगामांत शिकागोने ही स्पर्धा सात वेळा जिंकली.

हचिन्स आले त्याच वर्षी, १९२९ मध्ये, कार्नेगी फाउंडेशनचा महाविद्यालयीन खेळांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. खेळाडू पळवणे, त्यांना आडमार्गाने पैसे देणे हे प्रकार देशभर सर्रास चालतात, असे त्यात नोंदवले होते. पाठोपाठ महामंदी आली. सत्तरीत पोहोचलेल्या स्टॅग यांना १९३२ च्या हंगामानंतर निवृत्तीच्या नियमावर बोट ठेवून निरोप देण्यात आला. त्यांनी दुसरे विद्यापीठ धरले आणि तिथे आणखी १४ वर्षे संघ चालवला, ही गोष्ट वेगळी!

संघ एवढा कमकुवत का झाला?

राज्य सरकारी विद्यापीठांकडे विद्यार्थी जास्त होते, शारीरिक शिक्षणासारखे तुलनेने सोपे अभ्यासक्रम होते आणि खेळाडूंना सांभाळून घेण्याच्या वाटाही होत्या. शिकागोत खेळाडूलाही तीच सर्वंकष परीक्षा द्यावी लागे. जे बर्वँगर हा अपवाद. १९३५ मध्ये आज ‘हाइझमन’ म्हणून ओळखला जाणारा करंडक पहिल्यांदा देण्यात आला तो त्यालाच. पण त्याच्या संघाने त्या वर्षी चार सामने जिंकले आणि चार गमावले. पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांच्या पहिल्याच निवड प्रक्रियेत तो सर्वप्रथम निवडला गेला, पण व्यावसायिक फुटबॉल तो कधी खेळलाच नाही.

बर्वँगर गेल्यावर उतरण सुरू झाली. १९३९ च्या हंगामाचे आकडे वाचवत नाहीत. हार्वर्ड ६१-०, मिशिगन ८५-०, व्हर्जिनिया ४७-०, ओहायो स्टेट ६१-०, इलिनॉय ४६-०. पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे ३०० गुण आणि शिकागोचा भोपळा. बेलॉइट या छोट्या कॉलेजनेही ६-० असे हरवले. जिंकले ते दोनच सामने. त्यातला एक ओबर्लिनविरुद्ध, म्हणजे अध्यक्षांच्या जुन्या कॉलेजविरुद्ध! दोष प्रशिक्षकाचा म्हणावा तर तेच क्लार्क शॉनेसी पुढच्या वर्षी स्टॅनफर्डला गेले आणि त्यांचा संघ एकही सामना न हरता रोझ बोल जिंकून आला.

रिकामी आसने ही शिकागोची एकट्याची अडचण नव्हती. पाहुण्या संघालाही तिकीटविक्रीत वाटा असे. दुबळ्या संघाशी ठरलेला सामना म्हणजे दोघांच्याही गल्ल्याला खार.

हचिन्स यांचा युक्तिवाद काय होता?

डिसेंबर १९३८ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या खपाच्या साप्ताहिकात त्यांनी लेख लिहून आपली भूमिका मांडली होती. त्यांच्या मते खेळ आणि खेळाचे स्तोम या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. स्तोमाचे मूळ पैशात होते, म्हणून उपायही पैशावर हवा. सामन्याचे तिकीट दहा सेंटवर आणावे आणि प्रशिक्षकांना प्राध्यापकांसारखी नोकरीची शाश्वती द्यावी, असे त्यांनी सुचवले. हरलो तर नोकरी जाईल, ही भीती नसलेला प्रशिक्षक खेळाडू विकत आणण्याच्या फंदात पडणार नाही, हा त्यामागचा हिशेब. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढले तेव्हा उरलेल्या कराराचे सुमारे साडेसात कोटी डॉलर देणे लागले. शाश्वतीची ही तऱ्हा मात्र हचिन्स यांना अभिप्रेत नव्हती.

सूचना कुणीच मनावर घेतल्या नाहीत. डिसेंबर १९३९ मध्ये विश्वस्तांनी फुटबॉल बंद करण्यास मंजुरी दिली आणि जानेवारीत हचिन्स यांनी विद्यार्थ्यांसमोर निर्णयाचे समर्थन केले. हे धाडस होते, पण त्याला परिस्थितीची साथ होती, हेही खरे. दहा वर्षे त्यांनी फुटबॉल चालू दिला, तो थांबवला सर्व बाजूंनी पराभव झाल्यावर. शिवाय शिकागो खासगी विद्यापीठ होते, गाठीशी मोठा निधी होता आणि अनुदानासाठी विधिमंडळापुढे उभे राहावे लागत नव्हते. बिग टेनमधील बहुतेकांना ही मोकळीक नव्हतीच. म्हणूनच त्यांच्या मागे जायला कुणी तयार झाले नाही.

रिकाम्या जागेचे काय झाले?

स्टॅग फील्ड ओस पडले. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखालच्या रॅकेट कोर्टात एन्रिको फर्मी यांच्या पथकाने जगातील पहिली नियंत्रित अणुविखंडन साखळी प्रक्रिया घडवली. ते प्रेक्षागार १९५७ मध्ये पाडले गेले. १९७० मध्ये त्या मैदानाच्या जागेवर रेगेनस्टीन ग्रंथालय सुरू झाले.

कॉन्फरन्समधली जागा मात्र फार काळ रिकामी राहिली नाही. इतर खेळांपुरते टिकलेले शिकागोचे सदस्यत्व १९४६ मध्ये संपले आणि १९४९ मध्ये मिशिगन स्टेटला प्रवेश मिळाला. तिथले अध्यक्ष जॉन हॅना यांचे गणित हचिन्स यांच्या नेमके उलट होते. एका कृषी महाविद्यालयाला मोठ्या विद्यापीठांच्या पंक्तीत बसवायचे तर फुटबॉल हवाच, हे जाणून त्यांनी १९४८ मध्ये स्टेडियमची क्षमता ५० हजारांच्या घरात नेली. १९५३ मध्ये मिशिगन स्टेटचा संघ कॉन्फरन्समध्ये पहिल्यांदा उतरला आणि संयुक्त विजेता ठरला. त्याच वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या एका निधीतून खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल बिग टेनने विद्यापीठावर कारवाईही केली. शिकागोशी शैक्षणिक नाते मात्र या गटाने तोडले नाही. १९५८ मध्ये संशोधन आणि अध्यापनातील सहकार्यासाठी समिती झाली, तिच्यात बिग टेनच्या सदस्यांबरोबर शिकागोही होते.

हचिन्स यांनी १९५१ मध्ये शिकागो सोडले. पुढे फोर्ड फाउंडेशन, मग सँटा बार्बरा येथील लोकशाही संस्थांच्या अभ्यासाचे केंद्र, मधल्या काळात ब्रिटानिकाची ५४ खंडांची ग्रंथमाला, असा त्यांचा प्रवास झाला. १९७७ मध्ये सँटा बार्बरा येथे त्यांचे निधन झाले.

मग आजचा खर्च कशामुळे?

१९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल प्रक्षेपणावरील एनसीएए या राष्ट्रीय संस्थेची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून कॉन्फरन्स स्वतःचे हक्क विकू लागल्या, आणि कुणाला आत घ्यायचे हे भूगोलापेक्षा दूरचित्रवाणीचा बाजार ठरवू लागला. २०२२ मध्ये बिग टेनने केलेला सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. या स्पर्धेत पॅसिफिक किनाऱ्यावरची पॅक-१२ ही जुनी कॉन्फरन्स रिकामी झाली. २०२४ मध्ये तिच्यात ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे उरली. २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर खेळाडूंना थेट पैसे देता येतात. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती.

शिकागोतही फुटबॉल परतला. १९६३ मध्ये क्लब संघ खेळू लागला तेव्हा विद्यार्थ्यांनीच मैदानात ठाण मांडून विरोध केला होता, पण १९६९ मध्ये त्याला विद्यापीठ संघाचा दर्जा मिळाला. क्रीडा शिष्यवृत्ती नसलेल्या तिसऱ्या श्रेणीत हा संघ खेळतो. २०१७ पासून फुटबॉलपुरते शिकागोने मिडवेस्ट कॉन्फरन्सचे सदस्यत्व घेतले आहे. तिथल्या प्रतिस्पर्ध्यांत, १९३९ मध्ये ६-० असा विजय मिळवणारे बेलॉइटही आहे.