दुर्गाबाई देशमुख : स्वतःची अडचण, सर्वांची सोय

आमच्या गौलीगुड्यातील घरात आजीची एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात जरीची एक साडी, आजोबांचा चष्मा आणि कापडात गुंडाळलेले एक प्रमाणपत्र असते. आजी बिदरकडची. माहेरी कानडी बोलणारी, सासरी मराठी शिकलेली. चौथीनंतर तिची शाळा सुटली आणि पंधराव्या वर्षी लग्न झाले. पुढे दोन मुले झाल्यावर, प्रौढ स्त्रियांसाठी चालणाऱ्या दोन वर्षांच्या एका वर्गात बसून ती सातवी पास झाली, बालवाडीची शिक्षिका झाली आणि त्या पगारावर तिने माझ्या वडिलांना शिकविले. हे वर्ग कोणी काढले, असे मी मागच्या दिवाळीत तिला विचारले. विद्यानगरच्या दवाखान्याला जिचे नाव आहे त्या बाईने, एवढेच तिला ठाऊक होते.

विद्यानगरचा दुर्गाबाई देशमुख दवाखाना आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आडनावावरून मी त्यांना मराठीच समजत असे. त्यांचे चरित्र वाचू लागले तेव्हा कळले की, दुर्गाबाई जन्माने आंध्रच्या. देशमुख हे आडनाव त्यांच्याकडे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आले. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. चरित्रलेखन हा माझा प्रांत नव्हे. तरी त्यांच्या आयुष्याचा जमाखर्च माझ्या समजुतीप्रमाणे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. चुकल्यास प्राध्यापकांनी व वाचकांनी सांभाळून घ्यावे.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी राजमहेंद्री येथे झाला. जी गोदावरी आपल्या नाशिक-पैठण-नांदेडवरून वाहत येते, तिच्याच काठचे हे गाव. योगायोग असा की, त्याच १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. प्रौढ व विधवा स्त्रियांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करण्याचे जे काम तेथे सुरू झाले, तेच पुढे या मुलीच्या वाट्याला यायचे होते. पण आरंभी तिच्याही नशिबी तेच आले, जे त्या काळच्या मुलींच्या नशिबी येई. आठव्या वर्षी तिचे लग्न लावून देण्यात आले. मात्र जाणत्या वयात आल्यावर तिने हे लग्न मानण्यास नकार दिला आणि शिकण्याचा हट्ट धरला. वडील व भाऊ तिच्या पाठीशी राहिले. शंभर वर्षांपूर्वीच्या आंध्रात ही गोष्ट किती अवघड असेल, याची कल्पना आपल्या आजी-पणजींना विचारल्यास येईल.

बाराव्या वर्षी, शाळेत इंग्रजी माध्यम लादले जाते म्हणून तिने शाळा सोडली. शाळा सोडून ती घरी बसली नाही. हिंदी शिकली होती, तर मुलींसाठी हिंदीची पाठशाळा काढली. शिक्षिका बारा वर्षांची आणि विद्यार्थिनींमध्ये तिची स्वतःची आई!

१९२१ साली गांधीजी काकीनाड्यास यायचे होते. देवदासींनी आणि पडद्यातील मुसलमान स्त्रियांनी त्यांना भेटावे, असे या मुलीने मनात घेतले. संयोजकांनी अट घातली की, पाच हजार रुपयांची थैली आणल्यास थोडा वेळ मिळेल. मुलीच्या हातून एवढी रक्कम जमणार नाही, असाच त्यांचा हिशेब असावा. देवदासींनी ती रक्कम उभी केली. गांधीजी काही मिनिटांसाठी म्हणून आले आणि पुष्कळ वेळ थांबले. स्त्रियांनी हातांतल्या बांगड्या, गळ्यातल्या साखळ्या काढून दिल्या. त्यांचे हिंदी भाषण तेलुगूत सांगण्याचे काम या मुलीनेच केले. समाज ज्यांना सभेत उभे करीत नव्हता, त्या स्त्रियांच्या वतीने दुर्गाबाईंनी केलेली ही पहिली वकिली होय. सनद पुढे एकवीस वर्षांनी मिळाली.

१९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमधील एक आठवण प्रसिद्ध आहे. खादीच्या प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून चौदा वर्षांची दुर्गा उभी होती. तिकिटावाचून कोणास सोडू नये, अशी आज्ञा होती. पंडित नेहरू तिकिटाशिवाय आले आणि तिने त्यांना अडविले. संयोजकांनी तिकीट आणून दिल्यावरच त्यांना आत जाता आले. आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दारावर उभे राहिलेल्या स्वयंसेवकांनी ही आठवण मनाशी ठेवण्याजोगी आहे.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. मद्रासेत पुढारी पकडले गेल्यावर दुर्गाबाईंनी सत्याग्रहींचे नेतृत्व केले. १९३० ते १९३३ या काळात त्यांना तीनदा तुरुंगवास घडला. मदुराईच्या तुरुंगात त्यांना एकांतवासात ठेवण्यात आले. त्यांची कोठडी फाशीच्या कैद्यांच्या कोठड्यांजवळ होती. प्रकृती पार ढासळली.

याच तुरुंगांत त्यांना आयुष्याचे काम सापडले, असे मला वाटते. तेथे शिक्षा भोगणाऱ्या कित्येक अडाणी बायका त्यांना भेटल्या. आपल्यावर आरोप कोणता, आपण कबूल काय केले, कागदावर अंगठा कशासाठी उमटविला, हे त्या बायांना माहीत नव्हते. कोणी समजावून सांगितले असते तर त्यांतल्या काहीजणी सुटल्या असत्या. दुर्गाबाईंनी तेथेच ठरविले की, आपण कायदा शिकावयाचा. पण कायद्याच्या आधी पदवी हवी, पदवीच्या आधी मॅट्रिक हवे आणि त्यांनी तर शाळाच सोडलेली. वय पंचविशीला टेकलेले, शरीर खंगलेले. ज्या इंग्रजीसाठी शाळा सोडली, तीच इंग्रजी आता पहिल्यापासून शिकावयाची होती.

बनारस हिंदू विश्वविद्यालयाची मॅट्रिकची परीक्षा बाहेरून देता येत असे. ती त्या उत्तीर्ण झाल्या. मग वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात गेल्या. तेथे मुलींसाठी वसतिगृह नाही म्हणून कुलगुरू सी. आर. रेड्डी प्रवेश देण्यास कचरत होते. दुर्गाबाईंनी स्वतःपुरती खोली शोधली असती तरी त्यांचे काम भागले असते. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, वसतिगृहाअभावी शिक्षण अडलेल्या दहाएक मुली जमविल्या आणि त्यांचे वसतिगृहच सुरू केले. कुलगुरूंना नाही म्हणण्यास कारण उरले नाही.

पुढे मद्रासेत त्या कायद्याच्या अभ्यासासाठी आल्या, तेव्हा शेजारपाजारच्या मुली शिकवणीसाठी जमू लागल्या. त्यांना बनारसच्या मॅट्रिकला बसविण्यासाठी सुरू झालेल्या या वर्गातूनच १९३७ साली आंध्र महिला सभा जन्मास आली. १९४२ साली कायद्याची पदवी मिळाली व दुर्गाबाई मद्रासेत वकिली करू लागल्या.

येथपर्यंतच्या हकिकतीत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. दुर्गाबाईंना स्वतःला जी अडचण आली, ती त्यांनी एकटीपुरती सोडविली नाही. मॅट्रिकची वाट अवघड गेली, तर मॅट्रिकचे वर्ग काढले. राहण्यास जागा नव्हती, तर वसतिगृह काढले. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर, अडचण त्यांच्या खात्यावर नावे पडली आणि सोय सर्वांच्या खात्यावर जमा झाली.

१९४६ साली त्या मद्रास प्रांतातून घटना समितीवर निवडून गेल्या. समितीत सर्व मिळून पंधरा स्त्रिया होत्या. सभापतींच्या तालिकेवर मात्र दुर्गाबाई या एकट्याच स्त्री सभासद होत्या. राज्यसभेच्या सभासदत्वासाठी वयाची अट पस्तीस वर्षे असावी असा मसुदा होता. ती तीसवर आली ती त्यांच्या दुरुस्तीमुळे. मुलींना वडिलांच्या संपत्तीत वाटा मिळावा, यासाठी त्या भांडल्या. भाषेच्या प्रश्नावर त्यांची भूमिका आपल्यासारख्यांनी मुद्दाम पाहावी. लहानपणापासून हिंदीचा प्रचार केलेल्या या बाईंनी तेथे हिंदुस्तानीची बाजू घेतली, परंतु दक्षिणेवर हिंदी सक्तीने लादण्याच्या उत्साहाविषयी स्पष्ट शब्दांत नापसंतीही व्यक्त केली. सक्तीमुळे शाळा सोडलेली मुलगी मोठेपणी ती सक्ती विसरली नव्हती.

१९५२ च्या निवडणुकीत मात्र त्यांचा पराभव झाला. चरित्रकार अशा गोष्टी झाकतात. मला ती महत्त्वाची वाटते, कारण त्यांचे सर्वांत मोठे काम या पराभवानंतरचे आहे. त्या नियोजन मंडळावर गेल्या. १९५३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले व त्या त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यासाठी चार कोटी रुपये ठेवले होते. खेडोपाडी बालवाड्या, बाळंतपणाची सोय, बायकांसाठी हस्तव्यवसाय अशी कामे त्यातून उभी राहिली. १९५८ साली याच मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या बाईने दोन वर्षांत राहिलेल्या इयत्ता पुऱ्या कराव्यात आणि शिक्षिका, परिचारिका व्हावे, ही त्यामागील योजना. आमच्या ट्रंकेतील कागद या योजनेचा आहे. मदुराईची कोठडी आणि आजीचे प्रमाणपत्र यांना जोडणारा धागा मला असा सापडला.

आता त्या आडनावाविषयी. चिंतामणराव देशमुख हे नाव आम्हा वाणिज्यवाल्यांना बँकिंगच्या पहिल्याच धड्यात भेटते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री आणि मेघदूताचे मराठीत रूपांतर करणारे रसिक. त्यांची पहिली पत्नी वारली होती. २२ जानेवारी १९५३ रोजी दोघांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दारावर अडविले गेलेले पंडितजी या विवाहाचे साक्षीदार होते. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद सोडले, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. त्याच वर्षी आपले हैदराबाद संस्थान तीन भाषांत वाटले गेले. मराठवाडा मुंबई राज्याकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्रकडे. त्या वाटणीच्या काळात एका तेलुगू बाईचा आणि एका मराठी गृहस्थाचा संसार गुण्यागोविंदाने चालला होता. मराठी व कन्नड असे दोन विभाग असलेल्या आपल्या या अंकात ते नोंदवून ठेवावेसे वाटते.

१९५८ साली स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद दुर्गाबाईंकडे आले. चीनच्या दौऱ्यात त्यांनी कौटुंबिक न्यायालये पाहिली व तशी आपल्याकडे असावीत, असा आग्रह धरला. मुंबई उच्च न्यायालयातील छागला व गजेंद्रगडकर यांच्याशी त्यांनी याविषयी चर्चा केली. तो कायदा १९८४ साली झाला. तो पाहण्यास त्या नव्हत्या. १९७५ साली पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. उत्तरायुष्यात दोघे आपल्या हैदराबादेत राहिले. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला चिंतामणराव गेले.

लेख येथे संपावयास हवा, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी मराठी माध्यमातून आले. वडील कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात. त्यामुळे किर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द मला लहानपणापासून ठाऊक होते. महाविद्यालयात तेच जर्नल, लेजर, बॅलन्सशीट होऊन आले आणि मी पहिल्या चाचणीत नापास झाले. शिकणे सोडण्याचा विचार मनात होता. मग मी एका वहीत डावीकडे इंग्रजी व उजवीकडे मराठी शब्द लिहीत गेले आणि वर्षभरात गाडी रुळावर आली. दुर्गाबाईंचे चरित्र वाचून झाल्यावर ती वही कपाटात ठेवण्याची लाज वाटली.

या वर्षापासून आम्ही तिघी दर शनिवारी तास संपल्यावर पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना घेऊन बसतो. वहीत आता कानडी शब्दांचा तिसरा रकानाही झाला आहे. तो आजीने सांगितला. पहिल्या शनिवारी चारजण आले होते. गेल्या शनिवारी अकराजण होते आणि एक बाक बाहेरून आणावा लागला.