डॉ. लूसी विल्स

विद्यार्थी मित्रहो, आपल्या देहूरोडच्या परिसरातील काय किंवा दूरच्या खेड्यातील काय, कोणत्याही सरकारी दवाखान्यात गर्भवती स्त्री तपासणीस गेली म्हणजे तिला लोह व फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्यात येतात. गोळी लहान व स्वस्त. परंतु तिच्यामागे एका विदुषीचे अनेक वर्षांचे परिश्रम आहेत, आणि त्या परिश्रमांचा आरंभ आपल्याच मुंबईत झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्या विदुषीचे नाव डॉ. लूसी विल्स.

त्यांचा जन्म ता. १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचे अध्ययन केले. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. केपटाउन येथे त्यांनी स्वेच्छेने रुग्णशुश्रूषा केली, आणि त्यानंतर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेऊन १९२० साली त्या डॉक्टर झाल्या. तथापि स्वतंत्र व्यवसाय न थाटता त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत संशोधन पत्करले.

१९२८ साली त्या मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. त्या काळी गिरणगावातील व इतर गरीब वस्त्यांतील कित्येक गर्भवती स्त्रियांस भयंकर रक्तक्षय होई. चेहरा पांढराफटक पडे, धाप लागे, आणि पुष्कळदा माता व बालक दोघेही दगावत. आजच्यासारखे अतिदक्षता विभाग तेव्हा कोठेच नव्हते. यकृताच्या अर्काने गुण येई. परंतु तो इतका महाग की गरिबास परवडणे अशक्य.

विल्स यांनी प्रथम रोगजंतूंचा शोध केला, पण त्यात कारण सापडेना. मग डॉ. मेहता व डॉ. तळपदे यांच्या सहकार्याने त्यांनी रुग्ण स्त्रियांच्या राहणीची व आहाराची पाहणी केली. त्यांच्या ताटात दूध, फळे व ताजी भाजी यांची मोठी उणीव दिसून आली. तसाच निकृष्ट आहार गाभण्या उंदरांस दिला असता त्यांसही रक्तक्षय झाला. आहारात यीस्ट घालताच तो टळला. तेव्हा त्यांनी यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थ, अत्यवस्थ स्त्रियांस देऊन पाहिला. थोड्याच दिवसांत नवे रक्त तयार होऊ लागले व मरणाच्या दारातील माता उठून बसल्या. हा वृत्तान्त १९३१ साली प्रसिद्ध झाला.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. उंदरांच्या आजारास उवांमार्फत पसरणारा एक जंतू कारण होता, असे मागाहून उघडकीस आले. ज्या प्रयोगावरून वाट सापडली, तोच सदोष ठरला! दुसरा कोणी खचला असता. विल्स यांनी माकडांवर प्रयोग करून प्रश्न पुन्हा मुळापासून तपासला. घातक रक्तक्षयावर गुणकारी असलेला शुद्ध केलेला यकृताचा अर्क येथे निरुपयोगी ठरला. मार्माइट व यकृताचा कच्चा अर्क मात्र उपयोगी पडले. म्हणजे मार्माइटमधील द्रव्य निराळेच होते. त्यास विल्स घटक असे नाव पडले. १९४१ साली पालकाच्या पानांतून जे फॉलिक आम्ल वेगळे काढण्यात आले व १९४५ साली प्रयोगशाळेत बनविण्यात आले, तेच हे द्रव्य होय.

१९४७ साली निवृत्त झाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. फिजी बेटांत जाऊन त्यांनी तेथील लोकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. ता. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या निवर्तल्या. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास अर्भकाच्या पाठीच्या कण्यातील कित्येक जन्मजात व्यंगे टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. ते पाहण्यास मात्र त्या नव्हत्या.

आपली चूक उघडकीस आली असता तीवर पांघरूण घालावे, की सत्याच्या शोधार्थ पुन्हा कष्ट करावेत, हा प्रश्न विद्यार्थ्यांसही परीक्षेच्या वहीपासून आयुष्यभर पडतो. ह्या चरित्रात त्याचे उत्तर आहे. आणि पालकहो, जो शोध प्रयोगशाळेत पुरा झाला, तो गरिबाच्या ताटापासून सुरू झाला होता. म्हणून घरातील माताभगिनींच्या ताटात रोज ताजी पालेभाजी पडावी, व ती फार वेळ शिजवून तिचे सत्त्व घालवू नये, एवढे पथ्य आपण सर्वांनी अवश्य पाळावे.