गळ टाकणारा चरित्रकार : आयझॅक वॉल्टन

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना जॉन डन हा कवी परिचयाचा असतो. परंतु १६४० साली त्याचे पहिले चरित्र लिहिणारा गृहस्थ लंडनमधील एक कापडाचा व्यापारी होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आयझॅक वॉल्टन हे त्याचे नाव. त्याचा जन्म १५९३ साली स्टॅफर्ड येथे झाला. विद्यापीठाचे शिक्षण त्याला लाभले नाही.

संसारात त्याने दुःख फार सोसले. पहिल्या पत्नीपासून झालेली सातही मुले लहानपणीच दगावली. १६४० साली पत्नीही गेली. पुढे देशात यादवी युद्ध पेटले. वॉल्टन राजनिष्ठ, १६४९ साली राजा चार्ल्सचा शिरच्छेद झालेला त्याच्या पिढीने पाहिला. अशा काळात, १६५३ साली, त्याचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ हा ग्रंथ निघाला. विषय कोणता? तर नदीकाठी बसून मासे धरणे! वाटेत भेटलेल्या माणसांच्या गप्पांतून तो मासे, आमिषे आणि नद्या यांविषयी सांगत जातो. पराभूत पक्षातल्या या माणसाने द्वेषाऐवजी धीराची शिकवण दिली.

वॉल्टन मुख्यतः गांडूळ, छोटे मासे अशा आमिषांनी मासे धरणारा. पिसे व रेशीम गुंडाळून केलेल्या खोट्या माशीने ट्राउट पकडण्याच्या कलेत त्याची गती बेताची होती. डव्ह नदीकाठी राहणारा चार्ल्स कॉटन मात्र तीत निष्णात होता. नितळ पाण्यातील ट्राउट माणसाची सावली पाहूनच पळतो. म्हणून दोर बारीक हवा, फेक लांबून हवी, हे त्याने अनुभवाने जाणले होते. १६७६ साली पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा वॉल्टन त्र्याऐंशी वर्षांचा होता. ग्रंथ गाजलेला होता. तरीही या कलेवरचा दुसरा भाग त्याने सदतीस वर्षांनी लहान असलेल्या कॉटनला लिहू दिला. कॉटन त्याला वडिलांच्या ठिकाणी मानी. डव्हच्या काठी त्याने १६७४ साली बांधलेल्या छोट्या घराच्या दारावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली आहेत.

१५ डिसेंबर १६८३ रोजी विंचेस्टर येथे वॉल्टनचे निधन झाले. तेथील कॅथीड्रलमध्ये त्याची समाधी आहे. त्या गावातून इचेन नदी वाहते. खडूच्या खडकात मुरलेले पावसाचे पाणी झऱ्यांवाटे तिला मिळते. म्हणून ती नितळ आणि उन्हाळ्यातही थंड राहते. या माणसाच्या विसाव्याला याहून योग्य जागा कोणती असणार? आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते त्याला स्वतःच्याच ग्रंथात मानाने बसवणारा लेखक विरळाच. विद्येच्या क्षेत्रात वावरणाऱ्या आपण सर्वांनी त्याचे हे औदार्य ध्यानी ठेवावे.