रामशास्त्री प्रभुणे : पेशव्यालाही दोषी ठरवणारे न्यायाधीश



आपल्या सटाण्याच्या मुलांना देवमामलेदार यशवंतराव महाराजांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. सरकारी खुर्चीवर बसूनही माणूस लोकांचा राहू शकतो, हे त्यांना त्या नावातूनच कळतं. त्यांच्याही आधी, पेशवाईत, असाच एक माणूस न्यायाच्या आसनावर बसला होता. आज त्यांची गोष्ट पाहू. वर्गात सांगताना कोणती काळजी घ्यायची, तेही शेवटी पाहू.

बालपण आणि शिक्षण

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणीच वडील गेले, त्यामुळे शिक्षण राहून गेलं आणि साताऱ्यात एका सावकाराकडे चाकरी करावी लागली. एकदा मालकाच्या पायावर पाणी घालताना मुलाचं लक्ष त्यांच्या दागिन्यावर गेलं आणि पाणी भलतीकडे सांडलं. असे दागिने घालायला विद्या लागते, असं मालक टोचून बोलले, अशी आख्यायिका आहे. तो बोल मनाला लागला आणि रामशास्त्री काशीला गेले. ज्या वयात बाकीचे शिकून मोकळे होतात, त्या वयात त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला. तुमच्या वर्गात उशिरा वाचायला लागलेलं एखादं मूल असेल, तर त्याला हा भाग नक्की सांगा.

न्यायाधीशपद

१७५१ च्या सुमारास ते पेशव्यांच्या सेवेत आले आणि १७५९ मध्ये पुण्याच्या दरबारात मुख्य न्यायाधीश झाले. त्या काळी राज्यातलं हे न्यायाचं सर्वांत वरचं आसन. घरात त्या दिवसापुरताच शिधा ठेवायचा आणि कोणाची भेट घ्यायची नाही, अशी त्यांची ख्याती होती. थोरले माधवराव जपजाप्यात फार वेळ घालवू लागले, तेव्हा राज्य करणाऱ्याचा पहिला धर्म प्रजेकडे पाहण्याचा आहे, अशी समज शास्त्रीबुवांनी त्यांना दिल्याचं सांगतात. माधवरावांनी ती ऐकली, हा त्यांचाही मोठेपणाच.

सर्वांत कठीण निवाडा

आता या गोष्टीतला दुसरा माणूस : रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. आपल्या जिल्ह्याशी त्यांचा जवळचा संबंध. नाशिकजवळच्या आनंदवल्लीत त्यांचा वाडा होता. सातमाळा रांगेतल्या धोडप किल्ल्यावर १७६८ मध्ये पुतण्या माधवरावांनी त्यांचा पराभव करून त्यांना पुण्यात नजरकैदेत ठेवलं. माधवराव १७७२ मध्ये वारले आणि धाकटे नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. वय अवघं अठरा! त्यानंतर पेशवेपद आलं राघोबादादांकडेच.

खून झाला तो पेशव्याचा, संशय होता नव्या पेशव्यावर आणि न्यायाधीश त्याच पेशव्याचा नोकर. अशा वेळी कोण तोंड उघडेल? रामशास्त्रींनी चौकशी केली. पकडण्याचा हुकूम आपण दिला होता, मारण्याचा नव्हे, असं राघोबांनी कबूल केल्याचं सांगितलं जातं. तरीही शास्त्रीबुवांनी त्यांना दोषी धरलं आणि या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त असल्याचं तोंडावर सांगितलं. निवाडा अमलात आणायला त्यांच्याजवळ ना फौज होती, ना सत्ता. ते पद सोडून पुण्याबाहेर पडले. पुढे बारभाईंनी राघोबांना दूर केल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावलं आणि १७८९ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते न्यायदान करत राहिले. राघोबांना ती शिक्षा कधीच झाली नाही. तरी आज अडीचशे वर्षांनी लोकांना आठवतो तो निवाडाच.

ध चा मा सांगताना

आता काळजीची गोष्ट. हुकुमातल्या धरावेचं मारावे आनंदीबाईंनी केलं, असं आपण सर्रास सांगतो. पण ही परंपरेने चालत आलेली कथा आहे, सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. निवाडा झाला राघोबांवर आणि लोकांच्या तोंडी नाव राहिलं आनंदीबाईंचं!

स्वतंत्र भारताचं सर्वोच्च न्यायालय १९५० मध्ये सुरू झालं. १९८४ मध्ये पुण्यातल्याच एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात या न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. पुराव्याची साखळी कुठेही तुटता कामा नये, आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांचं सार. खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवलेला आरोपी तिथे सुटला. त्याआधी १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात, फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यावी, असं याच न्यायालयाने ठरवलं होतं. थोडक्यात, मोठा माणूस आहे म्हणून सोडायचं नाही आणि संशय आहे म्हणून अडकवायचं नाही. न्यायाला या दोन्ही बाजू लागतात.

वर्गासाठी उपक्रम

वर्गात पेन हरवला की मुलं लगेच एकाचं नाव घेतात, आणि बऱ्याचदा ते नाव ठरलेलंच असतं. अशा वेळी फळ्यावर तीन रकाने आखा : मी पाहिलं, मी ऐकलं, मला वाटतं. प्रत्येकाचं म्हणणं योग्य रकान्यात लिहायला लावा. पहिला रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो, आणि नाव घेतलेलं मूल मान वर करून फळ्याकडे बघायला लागतं. त्यानंतर रामशास्त्रींची गोष्ट सांगा. पालकांनी घरी भावंडांच्या भांडणातही हे करून पाहायला हरकत नाही.